काचेवर चढलेल्या गोगलगायी

“ताई, धाव! सरपंचबाई टाकी सोडून चालली!”

रजतची आरोळी ऐकून मेघा अर्धी घातलेली वेणी हातात धरूनच पडवीत आली. पाहते तर काय! सहाच्या सहा गोगलगायी पाण्याबाहेर! काचेवर, पाण्याच्या रेषेच्या वर, एकमेकींना खेटून बसलेल्या. त्यांच्यातली सगळ्यात थोराड, जिचं नाव रजतने ‘सरपंचबाई’ ठेवलं होतं, ती तर टाकीच्या काठावरून पलीकडे डोकावत होती.

“उकडत असेल बिचारीले,” रजत म्हणाला.

“उकडायला काय झालं? आत्ताच तर गार पाणी टाकलं मी. अर्धा तासही झाला नाही.” मेघाने सरपंचबाईला दोन बोटांनी अलगद उचलून पाण्यात सोडलं. ती तळाशी गेली, शंखाचं दार घट्ट लावून घेतलं आणि दगडासारखी पडून राहिली.

“ताई...” रजतचा आवाज एकदम लहान झाला. “ते बघ.”

झाडांच्या मुळाशी तीन पिल्लं आडवी पडली होती. तांदळाच्या कणीएवढी. पांढरी पडलेली.

“म्हणजे रविवारपासून चौदा,” मेघा म्हणाली आणि काचेला कपाळ टेकून उभी राहिली.

ती टाकी शाळेची होती. मागच्या पावसाळ्यात आठ वर्षांच्या रजतला डेंग्यू झाला होता. सलाइनची पट्टी लावलेला त्याचा तो बारीकसा हात, आणि दवाखान्यात आठ दिवस न झोपलेली आई, हे मेघाच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीआधी हरिदास सरांनी सातवीच्या वर्गात विचारलं, “गप्पी मासे कोण सांभाळेल?” तेव्हा सगळ्यात पहिला हात तिचाच वर गेला. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. पावसाळ्याआधी शंभरेक गप्पी तयार करायचे आणि रोहणा गावातल्या टाक्यांत, हौदांत सोडायचे, असं ठरलं होतं. सरांनी तिला चार माद्या, दोन नर आणि सहा गोगलगायी दिल्या. “ह्या काचेवरचं शेवाळ खातील, माशांनी टाकलेलं खातील. पिल्लांना पाणी स्वच्छ राहील,” ते म्हणाले होते.

आणि तसंच झालं होतं! टाकी आरशासारखी लखलखीत होती, चाळीसच्या वर पिल्लं सुळसुळत होती. मग रविवार उजाडला आणि हे सुरू झालं.

“संशयितांची यादी करायची,” शेजारचा अंकुश कुंपणावरून उडी मारून आत येत म्हणाला. तो तेरा वर्षांचा होता आणि स्वतःला गुप्तहेर समजायचा. त्याने गणिताच्या जुन्या वहीचं मागचं पान उघडलं. “एक, मांजर. दोन, कूलरचा वारा. तीन, रजत.”

“माझं नाव काऊन?”

“परवा माशांना मुरमुरा कोणी खाऊ घातला?”

“एकच घातलता! आणि तो गोगलगायीनं खाल्ला!”

मेघाला हसू आलं नाही. ती पिल्लं मोजत होती. ती एका जागी थांबत नाहीत, त्यामुळे दर वेळी आकडा वेगळा यायचा. पण दर वेळी कमीच यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे बाबा पडवीत आले. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मधुकरराव. मेघाचे बाबा नोकरीसाठी आर्वीला जाऊन-येऊन करायचे. घर आणि संत्र्याचा बगिचा मोठ्या बाबांच्या शब्दावर चालायचा. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

“हे घ्या! रंगेहाथ सापडली!”

सरपंचबाई एका मेलेल्या पिल्लावर बसली होती. तिचं तोंड सावकाश हलत होतं.

“पिल्लं कोन मारून राह्यलं, समजलं का आता? अवं, ह्या गायी नाईत, वाघिणी आहेत वाघिणी! संध्याकाळच्या आत नाल्यात फेकून या.”

“पण मोठे बाबा, त्या मेलेलंच खातात! सरांनी सांगितलंय!”

“मेलेलं खाते का मारून खाते, तू पाह्यलं का? झोपली होती ना तू? बस मग.” आणि चप्पल सरकवून ते निघूनही गेले.

तिने खरंच पाहिलं नव्हतं.

सर एका लग्नासाठी यवतमाळकडे गेले होते. आईच्या फोनवरून मेघाने त्यांना गाठलं. मागे बँड वाजत होता.

“गोगलगाय जिवंत पिल्लाच्या मागे धावू शकते का, सांग!” सर ओरडून बोलत होते. “पाणी बिघडलं असेल. अर्धं पाणी बदलून टाक. आणि रोज थोडं थोडं बदलत राहा. ऐकू येतंय ना?”

ऐकू आलं होतं! मेघाने खुंटीवरची निळी प्लास्टिकची बादली काढली. अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात नळाचं पाणी साठवलेलं असायचं. त्यातून तिने भराभर तीन बादल्या वाहिल्या. घामाने तिचा सदरा पाठीला चिकटला. रजत टाकीतलं जुनं पाणी नळीने काढून आईच्या मोगऱ्याला घालत होता. पाणी असं नितळ झालं, की पलीकडच्या भिंतीचा रंग दिसावा!

“आता बघा, कशी नाचतील पिल्लं,” मेघा म्हणाली.

जेवणं होईपर्यंत अकरा पिल्लं मेली. आणि एक मादी. ती टपोऱ्या पोटाची, दोन-चार दिवसांत पिल्लं देणारी. पाण्यावर ती कुशीवर तरंगत होती आणि गोगलगायी पुन्हा काचेवर चढून बसल्या होत्या.

मेघाने सगळं केलं होतं. सरांचं ऐकलं होतं. खाणं कमी केलं होतं. टाकीवर ओलं फडकं टाकलं होतं. जेवढं जास्त करावं तेवढं जास्त मरत होतं. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली.

“पुरे आता, बेटा,” आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. “सरांना सांगू आपण, की नाही जमलं.”

“आणि पावसाळ्यात डास आले तर? पुन्हा रजतला...” आईचा हात तिच्या पाठीवर थबकला.

संध्याकाळी चिवड्याच्या रिकाम्या बरणीत गोगलगायी घालून तिघं नाल्यावर गेली. नाला कसला! मे महिन्यात तिथे पाण्याचा थेंब नव्हता. नुसते तापलेले दगड, आणि त्यांच्यावर टपून बसलेले दोन बगळे.

“टाक,” अंकुश म्हणाला.

मेघाने बरणी उपडी करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. “नाही टाकवत रे.”

“मोठे बाबा विचारतील.”

“त्यांनी विचारलं तर सांगू, नाल्यावर नेल्या होत्या. नेल्याच आहेत की!”

“शाब्बास! गुप्तहेराले शोभते!” अंकुशने तिच्या हातून बरणी घेतली. “आमच्या बकऱ्यांच्या गोठ्यात ठेवू. तिथं मोठे बाबा नाक दाबूनसुद्धा येत नाईत.”

रजतने घरी जाऊन अंगणातल्या टाक्यातून स्टीलचा गडवा भरून आणला, बरणीत ओतला, वर कोथिंबिरीची दोन पानं टाकली.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास मेघाने सरांच्या सांगण्याप्रमाणे टाकीत पाऊण बादली पाणी बदललं. दहा वाजेपर्यंत आणखी सहा पिल्लं मेली, दोन माद्या आणि एक नरही गेला. टाकीत आता एकही गोगलगाय नव्हती.

“सुटल्या!” अंकुशने वहीतलं ‘गोगलगायी’ हे नाव खोडलं. “गुन्ह्याच्या वेळी आरोपी माझ्या गोठ्यात होत्या. मी साक्ष देतो!”

“बकऱ्यापण देतील,” रजत म्हणाला.

तिघं गोठ्यात धावली. बरणीत सरपंचबाई कोथिंबिरीच्या दांडीवर आरामात फिरत होती. शिंगं ही लांब बाहेर! एकही गोगलगाय काचेवर चढली नव्हती. एकीनेही दार लावून घेतलं नव्हतं.

मेघाने बरणी उचलून उजेडात धरली. “रजत, पाणी कुठलं घातलंस?”

“आपल्याच टाक्यातलं. तूपण तिथलंच घालते ना?”

“तेच तर! पाणी एकच. मग इथे मजेत आणि तिथे मरण?”

“बरणी वेगळी,” अंकुश म्हणाला.

“बरणीने काय होतं? टाकी तर महिनाभर होती की चांगली.” मेघा एकदम उठून उभी राहिली. “तू गडव्याने आणलंस. मी बादलीने आणते.”

दहा मिनिटांत दोन काचेच्या बाटल्या ओळीने मांडल्या गेल्या. एकीत गडव्याने आणलेलं पाणी, दुसरीत निळ्या बादलीतलं. मेघाने दोन्हीत एकेक गोगलगाय सोडली. तिघंही गुडघ्यांवर बसली. बकऱ्या त्यांच्या केसांचा वास घेत होत्या.

गडव्याच्या पाण्यातली गोगलगाय रमतगमत फिरू लागली. बादलीच्या पाण्यातली क्षणभर थांबली, शिंगं आत घेतली आणि निघाली, सरळ वर! गोगलगाय धावली असं कोणी सांगितलं असतं तर कोणाला खरं वाटलं नसतं, पण ती जीव खाऊन काच चढत होती. पाण्याबाहेर आल्यावरच थांबली.

“काढ तिला! काढ!” मेघाने तिला गडव्याच्या पाण्यात टाकलं. “अंकुश, ह्या पळून जात नव्हत्या. आपल्याला सांगत होत्या, पाणी वाईट आहे म्हणून. पहिल्या दिवसापासून सांगत होत्या!”

तिने निळी बादली उन्हात धरून आतून बाहेरून पाहिली. स्वच्छ! निळी ती निळीच. वास नाही, चिकटा नाही. म्हणजे बादलीला काय झालं होतं, ते तिला समजतच नव्हतं.

“पाळत ठेवायची,” अंकुश म्हणाला. “उद्या उजाडल्यापासून.”

शनिवारी साडेपाचलाच चांगलं फटफटलं होतं. तिघं कुंपणाआड दबा धरून बसली. पावणेसहाला मोठे बाबा बाहेर आले, खुंटीवरची निळी बादली काढली, स्कूटरच्या हँडलला अडकवली आणि फटफट करत बगिच्याच्या रस्त्याला लागले.

“मोठे बाबा?” रजतचा चेहरा उतरला. “ते काऊन मारतील आपले मासे?”

“बोलू नकोस. चल!”

अंकुशची एकच सायकल आणि तिघं जण! पुढच्या दांडीवर रजत, मागे मेघा. बगिचा तीन किलोमीटर दूर होता आणि वाटेत फुफाटा. दोनदा उतरून सायकल ढकलावी लागली, एकदा साखळी उतरली. बगिच्याचं फाटक दिसायला लागलं, तोच समोरून स्कूटरचा आवाज आला.

“लपा!”

तिघं सायकलीसकट बोरीच्या झुडपामागे कोसळली. मोठे बाबा गुणगुणत परत गेले. हँडलला बादली डुलत होती.

“आई गं, काटा!” रजत कळवळला.

“नंतर रड. आधी धाव.”

बगिच्यात गोपालकाका संत्र्याच्या झाडांच्या बुंध्यांना मोठ्या ब्रशने फिक्कट निळं मलम फासत होते. वीस वर्षं ते इथे कामाला होते. डोक्याचे केस पांढरे झाले होते, आणि आत्ता तर भुवयाही निळ्या.

“काका, निळी बादली कशाला लागते तुम्हाला?” मेघाने धापा टाकत विचारलं.

“बादली? मोरचूद भिजवाले, बाई. पावसाआधी बुडाले लावा लागते ना हे, नाईतर डिंक्या रोग पडते झाडावर.”

“पण आमचीच का?”

“लोखंडाच्या बादलीत मोरचूद चालत नाई. खाऊन टाकते थो बादलीले. प्लास्टिकचीच लागते. आपली इथली फुटली रविवारी, म्हून मोठे मालक रोज घरून आणते. मोरचूद ढोलात ओतला का धुवून वापस नेते.” गोपालकाकांनी बाजूचा पिंपाएवढा प्लास्टिकचा ढोल दाखवला. त्यात त्यांनी कमरेचा विळा बुडवला, थोड्या वेळाने बाहेर काढला आणि पात्याकडे निरखून पाहिलं. “पाह्य, तांबडं चढलं. म्हणजे मोरचूद जास्त झाला. अजून चुना टाका लागते.”

“तांबडं?”

“लोखंडावर तांबं चढते. मोरचूद हाय का नाई, विळा सांगते. तुह्या मोठ्या बाबानंच शिकोलं मले.”

मेघा ढोलापासून मागे सरली. मोरचूद! बाबांनी लहानपणीच बजावलं होतं, त्या निळ्या खड्यांना हात लावायचा नाही, विष आहे ते. आणि त्या बादलीतून तिने, स्वतःच्या हाताने, रोज...

“काका, मोठे बाबा आज एवढ्या घाईने का गेले?”

“मंजुषाबाईले बादली पाह्यजे म्हणे. लोणच्याच्या कैऱ्या भिजवाच्या हायेत.”

मंजुषाबाई म्हणजे मेघाची आई.

“अंकुश!” मेघा किंचाळली.

परतीचे ते तीन किलोमीटर तिघांनाही पुढे कधी नीट आठवले नाहीत. रजतची चप्पल कुठे पडली, कोणी पाहिलं नाही. एवढंच, की अंगणात सायकल आडवी झाली तेव्हा आई कैऱ्यांचं टोपलं बादलीवर तिरकं करत होती.

“आई, नको! हात नको लावू!”

मेघाने बादली अशी हिसकावली, की चार कैऱ्या घरंगळत मोगऱ्यात गेल्या. मोठे बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले. “काय तमाशा लावला सकाळी सकाळी?”

“मोठे बाबा, ह्या बादलीत मोरचूद आहे. त्यानेच मासे मरतायत.”

“वेडी हायेस का! म्या सोता धुतली. दोनदा खंगाळली. दिसते का कुठी निळं?”

“बादलीच निळी आहे मोठे बाबा, दिसेल कसं?” अंकुश पुटपुटला. मोठ्या बाबांनी असं पाहिलं, की तो रजतच्या मागे गेला.

मोठ्यांनी ‘नाही’ म्हटलं की ह्या घरात ते नाहीच असायचं. तिने भिंतीला खोचलेला विळा काढला, राखेने घासून पातं चकचकीत केलं. बादली कलती केली. खंगाळल्यावर राहिलेलं घोटभर पाणी कोपऱ्यात गोळा झालं. तिने विळ्याचं टोक त्यात धरलं.

आई आणि मुलं पात्यावर वाकली.

काहीच झालं नाही. पातं तसंच चकचकीत. मेघाच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. मोठ्या बाबांनी चहाचा एक घोट घेतला. “झालं? ठेव आता बादली.”

“आणखी थोडा वेळ. फक्त थोडा, मोठे बाबा!”

तिचा हात दुखून आला. आणि मग रजत म्हणाला, “ताई, लाल!”

टोकाला तांबूस झाक आली होती. बघता बघता ती गडद झाली.

मोठ्या बाबांनी कप खाली ठेवला. विळा हातात घेतला, उजेडात फिरवून पाहिला. ही तांबडी झाक त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. त्यात त्यांना कोणी फसवू शकत नव्हतं. ते हळूच ओट्यावर बसले.

“म्हणजे... म्याच मारले?”

“ओतत तर मी होते,” मेघा म्हणाली आणि हुंदका तिला आवरला नाही. “रोज ओतत होते. सगळ्यात जास्त ओतलं त्या दिवशी सगळ्यात जास्त मेले.”

आईने तिला जवळ ओढलं. तिची नजर बादलीवरून कैऱ्यांकडे आणि कैऱ्यांवरून रजतकडे जात होती. “ह्याच बादलीतलं पाणी परवा रजतला अंघोळीला देणार होते मी,” ती हळूच म्हणाली. “भाऊजी, आज लोणचं पडलं असतं. अख्खं घर खाणार होतं ते.”

मोठे बाबा उठले, बादली उचलली आणि तिच्या अंगावर विळ्याच्या टोकाने मोठी फुली ओरखडली. “ही आजपासून बगिच्याची. घरात येणार नाई.” आणि मेघासमोर येऊन म्हणाले, “पोट्टे हो, चूक माही. सहा मुक्या जनावरांवर आळ घेतला म्या. हे जे तुम्ही शोधून काढलं, ते मोठ्या मोठ्यांच्यानं झालं नसतं. तुमच्या सरांपाशी मी सोता जाऊन सांगीन. पर आता टाकीचं काय करा लागते, सांग. तू म्हणशीन तसं.”

“आधी मासे गडव्याच्या पाण्यात काढायचे. मग सगळं पाणी काढायचं. आणि गडव्याने भरायचं.”

मोठ्या बाबांनी धोतर खोचलं. टाक्यापासून पडवीपर्यंत रांग लागली: मोठे बाबा, आई, अंकुश, रजत. गडवा हातोहात जात होता. आडवंतिडवं बोलायला नेहमी टपलेला अंकुशसुद्धा मुकाट्याने गडवे देत होता. टाकीत उरलं होतं काय? एक मादी, एक नर आणि कोपऱ्यात लपलेली चार पिल्लं. शेवटी गोठ्यातून आणलेल्या गोगलगायी सोडल्या. सरपंचबाई तळाला टेकली. तिने दार उघडलं, शिंगं काढली आणि सावकाश वाळूवरून चालू लागली.

तरी दुसऱ्या दिवशी नर मेला. त्याच्या पोटात आधीच जे गेलं होतं, ते कोणी काढू शकत नव्हतं. “आता?” रजतने विचारलं. पाणी स्वच्छ होतं, गोगलगायी खाली होत्या, आता करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नुसतं बसायचं आणि त्या एकट्या, पोट फुगत चाललेल्या मादीकडे बघायचं. ती झाडांच्या मागे जायची तेव्हा मेघाचा जीव वर यायचा. ती बाहेर यायची तेव्हा खाली.

नवव्या दिवशी हरिदास सर परत आले ते थेट पडवीतच. मोठ्या बाबांनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, विळा आणून दाखवला. सरांनी टोपी काढून मेघाकडे पाहिलं.

“मीच तुला पाणी बदलायला सांगितलं होतं,” ते म्हणाले. “कशाने ते मी विचारलंच नाही. तू विचारलंस. शाब्बास, मेघा! शाब्बास रे सगळे! शाळा उघडली की हे सगळ्या वर्गासमोर तूच सांगायचं.”

“पण सर, शंभर होणार नाहीत आता,” मेघा मान खाली घालून म्हणाली. “पाचच आहेत.”

“पाच? कोन म्हणते पाच?” मोठे बाबा टाकीसमोर उकिडवे बसले होते, चष्मा कपाळावर, नाक काचेला टेकलेलं. “मघापासून मोजून राह्यलो ना मी! अठरा... एकोनीस... अवं, हे पाह्य, मादीनं अजून एक पिल्लू दिलं!”

“कुठंय? कुठंय?” रजत त्यांच्या खांद्यावरच चढला.

“सरक ना बाजूले! मोजू दे मले!” मोठे बाबा खेकसले. “घ्या, चुकलो. आता पुन्हा पहिल्यापासून!”